लोह कुठे मुरतंय?

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. मी शाळेत गणित शिकवते आणि कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं आमच्या स्टाफरूममध्ये कुणी नाही. घरातही मी तशीच. दुधावर साय कमी दिसली तर आधी दूधवाल्याला धरते, मग मांजराला, मग नवऱ्याला. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवी होतीस. असेलही. पण ज्या वर्षी आमची मुलगी फिकी पडत चालली, त्या वर्षी माझा हा स्वभाव नसता तर काय झालं असतं, हेही त्याला एकदा विचारून बघा.

मी भिवंडी गावातली. माहेरी सगळे मास्तर आणि कारकून. सासर खाडीकाठचं. सासऱ्यांची खाडीलगतची शेतं गोदामांना गेली, तेव्हा त्यांनी शेलार गावाच्या अंगाला जागा घेऊन बंगला बांधला. नवरा आता गोदामांचं भाडं आणि ट्रकवाल्यांची भांडणं बघतो. सासूबाई घर बघतात. सासरे काय बघतात, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. माणूस अतिशय गरीब स्वभावाचा. सकाळी अंगणात बसायचे, दुपारी नातीला शाळेच्या व्हॅनमधून उतरवून घ्यायचे, आणि मी शाळेतून येईपर्यंत दोघं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असायचे. सासूबाई त्या वेळी झोपलेल्या.

मुलगी तेव्हा सीनियर केजीत होती. आधी ती जिना चढताना थांबायला लागली. मग पोट दुखतं म्हणायला लागली. कधी इकडे, कधी तिकडे, बोट ठेवून दाखव म्हटलं तर सगळ्या पोटावरून हात फिरवायची. शौचाला तासन्‌तास बसायची. खेळणं सोडून चिडचिड करायची. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली, नवरा म्हणाला जंत असतील. मी तिची खालची पापणी ओढून बघितली तर आतून अगदी पांढरट. त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरबाईंकडे नेलं.

डॉक्टरबाई आमच्याच गावातल्या, वयाने मोठ्या, आणि मोजकं बोलणाऱ्या. मला मोजकं बोलणाऱ्या माणसांचा फार राग येतो, कारण त्यांनी न बोललेलं काय असेल याचाच मी विचार करत बसते. रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन बरंच कमी होतं आणि लाल पेशींचा आकारही लहान होता.

"मायक्रोसायटिक," बाई म्हणाल्या. "पेशी लहान निघतायत म्हणजे त्या बनवताना काहीतरी कमी पडतंय, किंवा काहीतरी आड येतंय. बहुतेक वेळा लोह कमी पडतं. कधी थॅलेसेमियाचा अंश असतो, आईबापांकडून आलेला. कधी जुनं दुखणं असतं. आणि एकदोन कारणं अशी आहेत की ती रोज कुणाला भेटत नाहीत."

"ती कुठली?"

"आत्ता त्यांची गरज नाही," त्या म्हणाल्या आणि औषध लिहायला लागल्या.

झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. पण मी गप्प बसले, कारण त्यांनी मला एक गणित दिलं. पेशीच्या सरासरी आकाराला पेशींच्या संख्येने भागायचं. उत्तर तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमियाकडे बघायचं, वर आलं तर लोहाकडे. मी रिपोर्ट हातात धरून तोंडीच भागाकार केला. उत्तर तेराच्या बरंच वर आलं. बाई म्हणाल्या, हा नुसता अंदाज असतो, यावर विसंबून राहायचं नाही. तरी मला बरं वाटलं. लोह कमी आहे तर लोह द्यायचं, यात अवघड काय?

जंताची गोळी झाली. लोहाचं सिरप सुरू झालं. सकाळी उपाशीपोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर. दूध आणि चहा जवळपास नको. मी सकाळी लवकर निघते, म्हणून सिरप द्यायचं काम सासूबाईंकडे गेलं. बाटली हातात घेतल्या घेतल्या त्या म्हणाल्या, "यानं पोरीचे दात काले पडतील गो."

हे वाक्य मी डोक्यात ठेवून दिलं.

सांगितलेल्या मुदतीनंतर पुन्हा रक्त दिलं. हिमोग्लोबिन जिथल्या तिथे, म्हणजे कुणी मेहरबानी केल्यासारखं एवढंसं वर. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "औषध रोज देताय ना?"

हाच प्रश्न मी कॉपी करणाऱ्या मुलाला विचारते, याच आवाजात. माझे कान तापले. मी म्हटलं, सासूबाई देतात. आणि त्याच क्षणी मला खात्री पटली की त्या देत नाहीत.

मी बाटलीवर बॉलपेनने रेघ मारली. रोज संध्याकाळी रेघ बघायची. औषध बरोबर खाली जात होतं. पण ते मुलीच्या पोटात जातंय की मोरीत, हे रेघेवरून कसं कळणार? मग आठवलं, लोह पोटात गेलं की शौचाचा रंग काळा होतो. म्हणून मी मुलीचा पॉट बघायला लागले. काळाच होता. एकदा मी अशी वाकून बघत असताना सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

औषध पोटात जात होतं तर. मग मी चहाच्या मागे लागले. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर मुलगी बशीतून चहा पीत होती, बटर बुडवून. औषध घेऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. मी बशी उचलून सिंकमध्ये ओतली.

"चहाने लोह अंगी लागत नाही, आई. तुम्हाला डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलंय."

"आमची पोरं चायवरच वारली," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलीत वाढली म्हणजे वारली, हे मला आता कळतं, पण तेव्हा त्या घरात 'वारली' शब्द ऐकून मला धडकी भरली. मी एवढं बोलले की नवरा अंगणातून आत आला आणि परत बाहेर गेला. सासूबाई डोळ्याला पदर लावून बसल्या. त्यानंतर चहा बंद झाला. मला वाटलं, सापडलं. एवढ्या सोप्या गोष्टीने पोर सुकत होती.

पण चहा बंद होऊनही रक्त वाढेना.

त्या दिवसांत मी सगळ्यांवर नजर ठेवून होते. सासूबाई तिला वज्रेश्वरीला नवस बोलायला घेऊन गेल्या आणि अकलोलीच्या गरम कुंडात आंघोळ घालून आणलं, तर तिथलं पाणी तोंडात गेलं का म्हणून मी मुलीची उलटतपासणी घेतली. शाळेच्या डब्यातलं उरलेलं मोजलं. आणि सासऱ्यांच्या तोंडाचं कोडं तर मला जुनंच होतं. मी दुपारी कधी लवकर घरी आले तर ते शेडमधून यायचे आणि गाल फुगवून, ओठ न उघडता, "हं, हं" करायचे. बोलायची वेळ आली तर पाठ फिरवायचे आणि मग बोलायचे. मी पक्कं धरलं होतं की तंबाखू आहे. त्यांचे सदरे धुवायला टाकताना खिसे उलटे करून बघितले होते, नाकाला लावून वास घेतला होता. तंबाखूचा कणही नाही. मग सुपारी असेल. आणि सुपारी असेल तर मुलीलाही देत असतील, आजोबांचं काय, लाडच ते.

मी मुलीला मांडीवर घेऊन विचारलं, "आजोबा तुला दुपारी काही खायला देतात का?"

"नाही."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"खरंच नाही," ती म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारं मूल मला लांबून ओळखू येतं.

डॉक्टरबाईंनी आता लोहाचा साठा बघायला सांगितला. त्याची वेगळी तपासणी असते, फेरिटिन म्हणतात. साठा चांगला भरलेला निघाला. बाईंनी त्या आकड्याखाली पेनने रेघ ओढली.

"लोह पोटात जातंय, साठ्यातही पोचतंय. पण रक्त बनवायला ते वापरलंच जात नाहीये."

"म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय," मी म्हटलं.

"पाणी नाही, लोह मुरतंय," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच थोड्या हसल्या. मग त्यांनी थॅलेसेमियाची तपासणी लिहिली, आणि अंगात कुठे जुनी सूज, जुना ताप दडलाय का त्याचीही.

थॅलेसेमियाचं ऐकून मला, खरं सांगायचं तर, आत कुठेतरी समाधान वाटलं. आईबापांकडून येतो म्हणजे तो नवऱ्याकडून आला असणार, यात मला शंका नव्हती. आमच्या घराण्यात असलं काही नाही. नवऱ्याला मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "तुझ्याकडचाही असू शकतो ना?" रिपोर्ट आला. थॅलेसेमिया नाही. सूज नाही, ताप नाही. मी ज्यांच्या ज्यांच्याकडे बोट दाखवलं होतं ते सगळे एकेक करून सुटले होते आणि मुलगी मात्र जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून "उचलून घे" म्हणत होती.

मला तेव्हा भीती वाटायला लागली. त्याआधी नुसता राग होता. राग असला की माणसाला काहीतरी करता येतं. आता रात्रभर तिच्या अंगावर हात ठेवून मी पडून राहायचे. आपल्या मुलीला काय होतंय ते कळत नाही, आणि ती रोज थोडी थोडी कमी होतेय, याच्याइतकं वाईट मी काही सोसलेलं नाही.

बाईंनी लॅबला फोन लावला, माझ्यासमोर. "मशीनचा आकडा मला नको. काचेवर रक्त पसरून तुम्ही स्वतः सूक्ष्मदर्शकातून बघा आणि काय दिसतं ते सांगा." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून मोबाइलवर फोटो दाखवला. फिकट, लहान लहान लाल पेशी, आणि त्यातल्या काही पेशींमध्ये बारीक निळे ठिपके, कुणी शाईचं पेन झटकल्यासारखे.

"असे ठिपके थॅलेसेमियातही दिसतात, पण तो आपण बाद केलाय. मला संशय येतोय शिशाचा."

त्यांनी 'संशय' हा शब्द वापरला आणि त्या बाई मला एकदम आपल्या वाटल्या.

"रोज भेटत नाहीत ती कारणं म्हणालात, त्यातलं हे?"

"त्यातलंच. शिसं शरीरात गेलं की लोह असूनही रक्तात बसत नाही. पोटात कळा येतात, शौचाला होत नाही. मुलं चिडचिडी होतात." त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "मेंदूवरही परिणाम होतो. म्हणून ते कुठून येतंय हे आधी शोधायला हवं. नाहीतर मी कितीही औषध दिलं तरी उपयोग नाही."

रक्त मुंबईला पाठवलं. शिसं निघालं, आणि चांगलंच निघालं. औषध देऊन ते ओढून काढावं लागतं त्या पातळीच्या जरा खाली, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. घराच्या भिंतींना जुना रंग आहे का? काजळ, सुरमा घालता का? हळद सुटी आणता का? भांड्यांना कल्हई करता का? जवळपास जुन्या बॅटऱ्या फोडतात का?

मला तर आता रानच मोकळं मिळालं. घरी जाऊन मी सासूबाईंची काजळाची डबी उचलली, हळदीचा डबा उचलला, आणि दोन्ही कचऱ्यात टाकले.

"ती हलद मी सोता दललीय!" सासूबाई ओरडल्या. त्या कधी ओरडत नाहीत. "गड्डे आनून, उकडून, वालवून! काजल घरच्या दिव्याचा! तुना माज्याशिवाय दुसरा कोन दिसतच न्हाय काय गो?"

दुसरा मला दिसला होता. आमच्या गल्लीच्या टोकाला भंगाराचं दुकान आहे. बॅटऱ्या म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तेच आलं. शाळेतून परत येताना मी रिक्षा थेट तिथे थांबवली. दुकानदार उत्तरेकडचा, भिवंडीत पॉवरलूमवर काम करायला आला आणि मग भंगारात पडला. वजनकाट्याशेजारी बसून चहा पीत होता.

"तुम इधर बॅटरी फोडता है?" मी उतरल्या उतरल्या विचारलं. माझं हिंदी रागात फार वाईट होतं.

"बैटरी? नहीं मैडम. हमारे यहाँ चिंदी, पुट्ठा और लोहा. बैटरी हम लेते ही नहीं, झंझट का काम है."

"झूठ मत बोलो. मेरी लडकी के खून में सीसा मिला है."

त्याने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग आमच्या घराच्या दिशेला बघितलं. "सीसा?" तो म्हणाला. "सीसा तो आपके बाबूजी ले जाते हैं. टायर वालों के यहाँ से पहियों की बैलेंसिंग का जो वज़न निकलता है, वही. हमसे माँग के ले जाते हैं. मैं तो पैसा भी नहीं लेता."

रिक्षात परत बसलेच नाही, चालत गेले. दुपारची वेळ होती, सासूबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं. मी चपला अंगणात काढल्या आणि आवाज न करता मागच्या शेडकडे गेले.

आत नायलॉनचं एक जाळं खिळ्याला टांगलेलं होतं. पाग म्हणतात त्याला, हाताने फेकायचं जाळं. पाण्यावर गोल उघडतं आणि कडेला लावलेल्या शिशाच्या मण्यांच्या वजनाने खाली बसतं. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा सासऱ्यांनी खाडीत फेकून दाखवला होता. हा लहान होता, माझ्या छातीइतकाच. सासरे जमिनीवर मांडी घालून बसले होते. एका बाजूला वीट मांडून त्यावर लोखंडी तवली होती, काजळलेली, आणि मातीत बोटाने ओढलेले चर होते, त्यात शिसं ओतून केलेल्या पट्ट्या. ते पट्टीचा तुकडा जाळ्याच्या दोरीभोवती दुमडत होते आणि दोरी तोंडाकडे नेऊन दाढेखाली दाबून बसवत होते. मग पुढचा तुकडा हवा म्हणून त्यांनी हात पुढे केला.

समोर माझी मुलगी बसली होती. तिने गालातून एक तुकडा काढला आणि आजोबांच्या तळहातावर ठेवला. तिचा दुसरा गालही फुगलेला होता.

"काय करतेस?" मी म्हटलं.

तिने तोंडात बोट घालून सगळे तुकडे बाहेर काढले, नीट मुठीत धरले आणि आनंदाने म्हणाली, "मी आजोबांची डबी आहे! ते गार लागतात, आई. आणि आजोबांच्या तोंडात मावत नाहीत ना सगळे."

खायला देतात का, असं मी तिला विचारलं होतं. नाही, असं ती खरंच बोलली होती. माझा प्रश्नच चुकला होता.

मी तिची मूठ उघडून तुकडे भिंतीवर मारले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. म्हातारपणी अक्कल गहाण टाकलीत का, असं काहीतरी म्हणाले. तुम्ही माझ्या मुलीला विष चाटवत होता, हे नक्की म्हणाले. सासूबाई धावत आल्या. मुलगी रडायला लागली. सासरे तसेच बसले होते, दोरी हातात धरून, आणि त्यांना कळतच नव्हतं की ही कशाबद्दल बोलतेय.

"यो तिचाच पाग हाय," ते शेवटी म्हणाले. "तिला खाडीच्या चिखलातलं निवटं धरायचं व्हतं. मी जलमभर असाच दात लावला गो. माजा बापूस पन तसाच लावायचा. कोनाला काय झाला न्हाय."

"तुमच्या वडलांना काय व्हायचं?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. मग सासूबाईच हळूच म्हणाल्या, "मामंजींचं पोट दुकायचं. पोट धरून बसायचं खाटंवर. शेवटपरत."

सासऱ्यांनी दोरी खाली ठेवली.

मुलीने एक तुकडा कधीतरी गिळलाही होता. एक्स-रेत पोटात तो दिसला, अगदी पांढरा, तांदळाच्या दाण्याएवढा. बाई म्हणाल्या, आपोआप पडेल, पण पडला का ते बघायला हवं. या वेळी पॉट तपासायला आम्ही दोघी बसलो, मी आणि सासूबाई, हातात काडी घेऊन. तुकडा त्यांनाच सापडला. त्यांनी तो पाण्याखाली धुतला, कागदात बांधला आणि माझ्या हातात दिला.

"तुजा सौंशय माज्यावर व्हता ना?"

"होता," मी म्हटलं.

"मग मना सांगायचा. मी पन शोधला असता." एवढंच बोलून त्या हात धुवायला गेल्या. मी माफी मागितली नाही आणि त्यांनीही तिची वाट बघितली नाही.

मुलीला मी काही दिवस माहेरी ठेवलं. तेवढ्यात नवऱ्याने शेडमधली माती खणून नेली, घरातली फरशी पुसून पुसून धुतली, ती पत्र्याची शेडच उतरवली. उरलेल्या पट्ट्यांचं पोतं सासरे स्वतः उचलून भंगारवाल्याला देऊन आले. त्यांचंही रक्त तपासलं. त्यांच्या रक्तात मुलीपेक्षा जास्त शिसं होतं, आणि लाल पेशी तशाच लहान. बाईंनी त्यांना औषध सुरू केलं. बाई सगळं समजावून सांगत होत्या तेव्हा ते मान खाली घालून ऐकत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, "पोरीचं डोस्कं ठीक राहील ना गो?"

मला त्यांचा तेव्हाही राग होता, म्हणून मी म्हटलं, "बघू."

माहेराहून शाळेत जाऊन मुलगी व्हॅनने घरी परत आली त्या दिवशी मी रजा घेतली होती; सासरे व्हॅनपाशी गेलेच नाहीत. ती त्यांच्याकडे धावत गेली तर ते मागे सरकले. आधी न्हाणीघरात गेले, साबणाने हात घासले, चुळा भरल्या, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दोन्ही तळवे पुढे केले, उलटे करून दाखवले. आणि मग त्यांनी आ केला. मला आधी कळेना. मग कळलं की ते गालात काही नाही हे दाखवतायत. मी परीक्षेच्या हॉलमध्ये बघते तसं बघितलं, आतपर्यंत. दोन्ही गाल बघितले. "ठीक आहे," म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी मुलीला उचललं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, आणि मग रोजच. मी शाळेत असले की सासूबाईंना दाखवायचे, मी घरी असले की मला. पहिले काही दिवस मला ते बरं वाटलं, लपवत नाही. हेच तर हवं होतं.

मग एक रिपोर्ट आला. शिसं खाली उतरलेलं, हिमोग्लोबिन चढलेलं, आणि पेशींचा आकार वाढलेला. मी कागद बाईंच्या टेबलावरच तीनदा वाचला. बाई म्हणाल्या, शाळेत कशी आहे? मी म्हटलं, माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा हुशार आहे. रिक्षात मी तोंडावर ओढणी धरून रडले, रिक्षावाल्याने आरसा फिरवून घेतला.

घरी आले तेव्हा सासरे दारात उभेच होते, हात ओले. त्यांनी तळवे पुढे केले. मी त्यांना रिपोर्ट दाखवला आणि म्हटलं, "बाबा, आता पुरे. आता नका दाखवू हे. माझा तुमच्यावर संशय नाही."

ते कागदाकडे बघत राहिले. वाचता येत नाही त्यांना इंग्रजी, तरी बघत राहिले.

"न्हाय गो पोरी," ते म्हणाले. "तू बगत जा. तू बगितलंस ना, की मग मना तिला हात लावायला धीर येतो."

आणि त्यांनी आ केला.

मी बघितलं. डावा गाल, उजवा गाल, झिजलेल्या दाढा. नीट, वेळ घेऊन बघितलं. अजूनही रोज बघते.

"काही नाही," मी म्हटलं. "जा, व्हॅन आली बघा."